स्केलिग मायकल : समुद्रातल्या सुळक्यावरचा मठ

आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटर आत, अटलांटिक महासागरात हा खडक उभा आहे. आयरिश भाषेत ‘स्केलिग’ म्हणजे खडकाचा सुळका. इ. स. सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी ख्रिस्ती भिक्षूंनी लाटांपासून जवळपास १८० मीटर उंचीवर इथे मठ वसवला. इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास पत्करणारे संन्यासी त्यांचे आदर्श होते, आणि वाळवंट नसलेल्या या देशात त्यांनी समुद्रालाच वाळवंट मानले.

सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या चढून गेल्यावर भिक्षूंच्या सहा कुट्या दिसतात. बाहेरून त्या पालथ्या घातलेल्या मडक्यांसारख्या गोल आहेत. आत मात्र जमिनीलगत चौकोनी. चुन्याचा कणही न वापरता दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवत नेला आहे. दार इतके ठेंगणे की वाकल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. हजार वर्षांहून अधिक काळ अटलांटिकची वादळे अंगावर घेऊनही या कुट्या उभ्या आहेत, हे पाहताना त्या अनाम हातांपुढे मान आपोआप लवते.

शेजारी दोन प्रार्थनागृहे आहेत, दगडी क्रूस उभे असलेली लहानशी दफनभूमी आहे आणि पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत. इ. स. ८२४ च्या सुमारास व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातून येणाऱ्या समुद्री लुटारूंनी, येथील एट्गल नावाच्या भिक्षूला पळवून नेले आणि तो भुकेने मरण पावला, अशी नोंद आयरिश बखरींत सापडते. तरीही मठ मोडला नाही. पुढे तो उंच जागांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या देवदूत मायकलच्या नावाने ओळखला जाऊ लागला. बाराव्या-तेराव्या शतकांत भिक्षू किनाऱ्यावरील बॅलिन्स्केलिग्झ येथे राहायला गेले. यात्रेकरू मात्र त्यानंतरही शतकानुशतके या पायऱ्या चढत राहिले. १९९६ मध्ये युनेस्कोने या बेटाचा समावेश जागतिक वारसा स्थळांच्या यादीत केला.

मठाकडे पाठ केली की समोर बेटाचे सर्वोच्च, म्हणजे २१८ मीटर उंचीचे, दक्षिण शिखर दिसते. मठातली मोजक्या सोबत्यांची संगतही ज्याला नकोशी झाली असावी, असा कोणी एकटा साधक तिथवर चढला, आणि कड्यावरच्या अरुंद कपारींवर दगड रचून त्याने प्रार्थनेपुरती जागा केली. पिण्याच्या पाण्यासाठी तिथे खडकात कुंडे कोरलेली आहेत, आणि पाऊस पडला की ती आजही भरतात.