फेब्रुवारीची पेटी आणि जानेवारीचे शेअर

मंडळी, पंखा एकच चालतोय, त्यामुळे पटापट बोलतो. मगाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, 'सगळ्यांका कळला तर मगे फायदो ऱ्हवता काय?' म्हणजे बाजारात एखादी गोष्ट दरवर्षी ठरल्यासारखी होते हे लोकांना कळलं की ती संपते का. खरं तर देवगडात ह्यासाठी बाहेरून वक्ता आणायची गरजच नव्हती.

आपला हापूसच घ्या ना. फेब्रुवारीत वाशीला गेलेल्या पेटीला जो भाव लागतो तो मेमध्ये लागत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहितीय. मग सगळे फेब्रुवारीतच का नाही विकत? अहो, प्रयत्न चालूच आहेत की! जुलै-ऑगस्टमध्ये कलमाच्या बुंध्याभोवती चर खणून कल्टार नावाचं औषध घालतात ते कशासाठी, मोहोर लवकर यावा म्हणूनच ना, पण मोहोर आला म्हणजे आंबा आला असं थोडंच आहे, थंडी पडायला हवी, तुडतुडे आणि थ्रिप्स ह्या किडी आवरायला हव्यात, फवारणीवर फवारणी, आणि २०१७ सारखं डिसेंबरात ओखी वादळ पाऊस घेऊन आलं की बसा कपाळाला हात लावून. लवकरच्या पेटीला जो जादा भाव मिळतो ना, त्यात ह्या सगळ्या धाकधुकीची मजुरी आहे.

आता शेअरचं बघा. अमेरिकेत १९७६ मध्ये रोझेफ आणि किनी ह्या दोघा अभ्यासकांनी न्यूयॉर्क बाजाराचे १९०४ ते १९७४ चे आकडे काढले, तर जानेवारीचा सरासरी परतावा साधारण साडेतीन टक्के आणि बाकीच्या महिन्यांचा अर्धा टक्का! एक कारण असं सांगतात की लोक टॅक्स वाचवायला डिसेंबरात तोट्यातले शेअर विकतात, त्याने भाव पडतात, आणि जानेवारीत ते परत वर येतात. हे छापून आल्यावर पुढे हा फरक बराच बारीक झाला. होणारच, डिसेंबरात शेअर घ्यायला कुठे चर खणायचाय! मीही एकदा हौसेने घेतले होते, ब्रोकरेज तेवढं गेलं.

पण पूर्ण संपतं का, तर नाही. मॅक्लीन आणि पाँटिफ ह्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये असे ९७ पॅटर्न तपासले, छापून आल्यानंतर त्यांचा परतावा सरासरी ५८ टक्क्यांनी घटलेला. मला इंटरेस्ट उरलेल्या भागात आहे, तो जास्त करून कुठे टिकला, तर ज्या शेअरांना गिऱ्हाईक पटकन मिळत नाही आणि धोका जास्त, तिथे. म्हणजे परत आपली फेब्रुवारीची पेटीच झाली की.

उलटं उदाहरण केरळचं. १४ जानेवारी १९९७, बडगरा गावी ११ मच्छीमारांच्या तारलीला गिऱ्हाईक नाही, फेकून द्यायची वेळ आलेली, आणि १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत २७ जण मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हाती परत निघालेले. रॉबर्ट जेन्सन ह्या अर्थतज्ज्ञाने हे नोंदवलंय. शेजारच्या बंदरात भाव वेगळा असतो हे त्यांना माहीत नव्हतं का? होतंच, पण आज कुठे जास्त ते कळत नव्हतं. मोबाईल आला, समुद्रातूनच फोन लागायला लागला, आणि बंदराबंदरातला फरक जवळजवळ गेलाच, कारण होडीचं तोंड फिरवायला थोडं इंधन लागतं एवढंच. कलमाचं तोंड कसं फिरवणार?

तेव्हा काका, यंदा कल्टार घालू का ते मला विचारू नका. मागच्या तीन सीझनची फवारणीची बिलं घेऊन या, बसू आपण. चहा उरलाय का रे थोडा?