चढावर कान द्यावा

नमस्कार श्रोतेहो. मोटार चालवण्याच्या पक्क्या परवान्यासाठी जी प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते, तिच्या तयारीविषयी आज मी बोलणार आहे. सरकारी भाषेत या परवान्याला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात, पण तो शब्द मी आजवर फक्त अर्जांवर आणि कार्यालयाच्या फलकांवर वाचला आहे. सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत सगळे लोक ‘लायसन्स’च म्हणतात. ‘परवाना’ हा सरळ, रुळलेला शब्द हाताशी असताना अनुज्ञप्ती घडवण्याची गरज कोणाला आणि का वाटली असेल, हे मला अजून उलगडलेले नाही. असो.

नियम थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतील. शिकाऊ लायसन्स हातात आल्यापासून किमान 30 दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही, आणि शिकाऊ लायसन्सची मुदत 6 महिने असते. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा असतो, आणि शेजारच्या आसनावर पक्के लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असावी लागते. ही व्यक्ती नुसती सोबत म्हणून बसत नाही. वेळ पडल्यास तिला गाडी आवरता आली पाहिजे. चाचणीची वेळ सारथी या संकेतस्थळावरून घ्यायची. त्या पावतीवर ठिकाणही लिहिलेले असते आणि ते नीट वाचावे, असे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या पुण्यात परिवहन कार्यालय संगम पुलाजवळ आहे, दुचाकीची चाचणी आळंदी रस्त्यावर फुलेनगरला होते आणि चारचाकीसाठी भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या प्रशिक्षण संस्थेच्या मार्गावर जावे लागते. सकाळी संगम पुलापाशी गाडी घेऊन उभे राहिलेले आणि तिथून भोसरीकडे धावलेले दोन जण माझ्याच घरात आहेत.

भोसरीचा मार्ग संगणकाला जोडलेला आहे. वळणावर कडेला चाक लागले किंवा चढावर गाडी मागे आली, तर त्याची नोंद यंत्रच करते. पूर्वी निरीक्षक शेजारी बसत असत, आणि पन्नाशीच्या उमेदवाराला घाम फुटलेला पाहून एखाद्याचे मन द्रवतही असे. यंत्राला मन नाही. मला विचाराल तर हे बरेच झाले, कारण ज्याला गाडी आवरत नाही त्याच्यावर केलेली दया रस्त्यावरच्या दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगाशी येते.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आहे चढ. इंग्रजी आठच्या आकड्यावर किंवा एचच्या आकारात गाडी उलटी नेताना लोक चुकतात हे खरे, पण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त लोक चढावर अडकले. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे आहेत. त्यांतला 15 वा नियम असे सांगतो की, उमेदवाराला तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा ॲक्सिलरेटर आणि पायाच्या ब्रेकचा योग्य उपयोग करून, ती अजिबात मागे न घसरता पुन्हा सुरू करता आली पाहिजे. पुन्हा सांगते: चढावर थांबायचे, आणि मागे न घसरता निघायचे. वाक्य एवढेच आहे, पण या वाक्यामुळे आमच्या घरात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. ती हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझी आत्या बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मोटार शिकायला लागली. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, चाळीस वर्षे गाडी चालवत होते. मधुमेहाने त्यांची दृष्टी उतरली आणि डॉक्टरांनी त्यांना चाकाला हात लावायची मनाई केली. गाडी दारात उभी राहून धूळ खाऊ लागली, तेव्हा आत्या म्हणाली, “विकायची नाही. मी शिकते.” तिने एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले, रोज सकाळी अर्धा तास गाडी चालवली, शिकवणाऱ्याने “काकू, तुम्ही तयार आहात” असे सांगितले आणि चाचणीच्या चढावर तिची गाडी चांगली दोन हात मागे आली.

घरी येऊन ती म्हणाली, “इतके दिवस एकदाही मागे गेली नव्हती, आजच कशी गेली?” याचे उत्तर सोपे होते, पण ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. आत्याच्या सगळ्या सकाळी अर्धा क्लच शिक्षकाच्या पायाने सोडला गेला होता, आणि चढावर गाडी थोपवली जात होती तीही त्याच्याच ब्रेकने. म्हणून माझी सर्वांना विनंती आहे की, शिकवणीच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकाला पाय वर, पेडलपासून दूर घ्यायला सांगा, आणि ते आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या.

नापास झालेल्या उमेदवाराला 7 दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून 60 दिवस थांबावे लागते. आत्याने पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची घेतली आणि या वेळी घरच्या गाडीवर सराव करायचे ठरवले. लायसन्स असलेली व्यक्ती म्हणून मी शेजारी बसत असे, आणि मागच्या आसनावर, कोणी बोलावलेले नसताना, आतोबा बसत. पहाटे सहाला आम्ही सहकारनगरच्या बाजूने तळजाईच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोहोचत असू, कारण तिथे हवा तसा चढ आहे.

पहिल्या दिवशी आत्याने चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा तिने घाबरून हँडब्रेक आधीच सोडला आणि आम्ही तिघेही मागे निघालो. मी सांगत होते, “आत्या, क्लच हळू, हळू,” पण हळू म्हणजे किती, हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हते. तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं, पायाकडे काय बघतेस? कान दे.”

आतोबा डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, “रसवंतीत उभी राहिली आहेस ना कधी? चरक रिकामा फिरत असतो तेव्हा मोटारीचा आवाज हलका असतो. त्यात ऊस शिरला की तीच मोटार दबते आणि आवाज जाड होतो. क्लचचेही तसेच आहे. तो सोडत सोडत आण, आणि इंजिनात ऊस शिरला की पाय तिथेच धर.”

श्रोतेहो, क्लचविषयी मी जे वाचले आणि ऐकले आहे, त्यात याहून चांगले स्पष्टीकरण मला सापडलेले नाही. क्लच पूर्ण दाबलेला असतो तेव्हा इंजिन मोकळे फिरत असते. पाय वर येऊ लागला की क्लचची तबकडी इंजिनाच्या फिरत्या चाकाला टेकते, गाडीचे वजन इंजिनावर येते, फेरे कमी होतात आणि आवाज खाली बसतो. त्या क्षणी चाकांना पुढे जायचे असते आणि हँडब्रेकने त्यांना धरून ठेवलेले असते. आता थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, हँडब्रेक सोडायचा, आणि गाडी पुढेच जाते. पुन्हा सांगते, क्रम असा: आधी आवाज खाली बसू द्यायचा, मग थोडा ॲक्सिलरेटर, आणि हँडब्रेक सर्वांत शेवटी.

त्यानंतर रोज पहाटे तळजाईच्या चढावर आमच्या गाडीतून “ऊस शिरला!” अशी आरोळी उठू लागली. ती ऐकली की आत्या हँडब्रेक सोडायची. टेकडीवर फिरायला येणारे लोक थांबून पाहू लागले. थांबलेला पुणेकर नुसता पाहत नाही. तो सल्ला देतो. कानटोपी घातलेल्या एका गृहस्थांनी तर खिडकीशी वाकून, गाडी शिकताना मागच्या आसनावर बसून ओरडणे कसे चुकीचे आहे, हे आतोबांना पाच मिनिटे समजावले आणि स्वतः मात्र काठीने चाकाकडे खुणा करत “सोडा, सोडा, क्लच सोडा” म्हणू लागले. चौथ्या दिवसापासून आतोबा ओरडायच्या आधीच आत्याचा हात हँडब्रेकवर जाऊ लागला. सहाव्या दिवशी तिने त्यांना गप्प बसायला सांगितले.

आता आणखी एक गोष्ट. पहिल्या चाचणीच्या दिवशी पाऊस होता, काचा वर होत्या आणि काचेवरची वाफ घालवण्यासाठी पंखा मोठ्याने चालू होता. त्या आवाजात इंजिन ऐकू येणे शक्यच नव्हते. दुसऱ्या वेळी आम्ही आत्याला तीन-तीनदा बजावले की, चढाशी पोहोचल्यावर पंखा बंद कर आणि काच खाली घे.

चाचणीच्या दिवशी आतोबा आणि मी कुंपणाबाहेर उभे होतो. त्यांना चढावरच्या गाड्या म्हणजे केवळ हलणारे रंग दिसत होते, म्हणून ते डोळे मिटून, कुंपणाच्या जाळीला हात लावून ऐकत होते. एक गाडी चढावर थांबली. इंजिनाचा आवाज दबला, क्षणभर तसाच राहिला आणि मग मोकळा होत वर गेला. आतोबांनी डोळे उघडले आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, “ऊस शिरला. झाली पास!” शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी त्यांचे अभिनंदनही केले. ती गाडी दुसऱ्याच कोणाची तरी होती. आत्या अजून रांगेत होती, तिच्यापुढे चार गाड्या होत्या.

हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. पाऊण तासाने आत्याची गाडी चढावर आली, थांबली, आणि एक बोटभरही मागे न येता निघाली. आतोबा तेव्हा चहाच्या टपरीवर, आपल्या बायकोने पहिल्याच झटक्यात चढ कसा काढला, हे लोकांना सांगत होते.

आता वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचे घाईने सांगते. दुचाकीच्या आठच्या आकड्यावर पुढच्या चाकाकडे पाहू नका. ज्या बाजूला वळायचे आहे तिकडे मान वळवा, पाय टेकू देऊ नका, आणि हेल्मेट आधीच घालून रांगेत उभे राहा. गाडी उलटी नेताना पहिला खांब खिडकीच्या कोपऱ्यात दिसला की चाक किती फिरवायचे, हे पाठ करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला अजिबात पसंत नाही, कारण लक्ष्मी रस्त्याच्या आसपास गाडी लावताना तो खांब आपल्या मदतीला येत नाही. आरसे गाडी हलण्यापूर्वी नीट करा, कारण त्याच 15 व्या नियमात आरशाचाही उल्लेख आहे. शिकाऊ लायसन्स, गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी आदल्या रात्रीच एका पाकिटात भरून ठेवा, आणि विम्याची तारीख उलटून गेलेली नाही ना, हेही पाहा.

वयाची पंचावन्न वर्षे ओलांडलेल्यांना लायसन्स एका वेळी 5 वर्षांचेच मिळते. आत्याचे कार्ड टपालाने आले तेव्हा तिने ती तारीख आतोबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “पाच वर्षांनी पुन्हा तळजाईला जाऊ.” ती म्हणाली की, नूतनीकरण वेळेत केले तर चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही, आणि द्यावी लागली तरी मागच्या आसनावर कोणाला बसवायचे हे या वेळी ती ठरवील. नमस्कार.