बीएस्सी फिजिक्स झालं, सर. आता?

नमस्कार श्रोतेहो. निकाल लागले की माझ्या ओसरीवर बाप-लेकांच्या जोड्या येऊन बसतात. परवा जिंतूरकडचे एक मामा आले. "सर, पोरगं फिजिक्स घेऊन बीएस्सी झालं. आता ह्याला कुठं घालावं?"

मी पोराकडे वळलो. "प्रॅक्टिकलला काय आवडायचं रे?"

पोरगं चप्पल बघत म्हणालं, "स्पेक्ट्रोमीटर."

मला लॅबमधला तो दिवस आठवला. स्पेक्ट्रोमीटर म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजायचं यंत्र. सोडियमचा दिवा आधी गुलाबीसर पेटतो, पिवळा व्हायला दहाएक मिनिटं घेतो. तेवढ्यात बाकीच्यांनी मागल्या वर्षीच्या जर्नलातून रीडिंग उतरवून घेतली होती. हा मात्र ग्रेटिंग, म्हणजे बारीक रेघांची काच, लावून दुसऱ्या ऑर्डरपर्यंत, म्हणजे रंग जास्त फाकतात तिथपर्यंत गेला, उजेड आत सोडणारी स्लिट बारीक करत राहिला, आणि पिवळ्या रेघेच्या दोन झाल्या. तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. "सर, फुटली!" म्हणून ओरडला होता.

असं पोरगं एमएस्सीला जावं. आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा असते, फेब्रुवारीत. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा स्वतः काढून भरायचा, त्यामुळे गाईड पाठ करून भागत नाही. टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, पण आपल्याकडे हे कळतं निकालानंतर. एक वर्ष तिथंच जातं. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून एमएस्सी केली तरी नेटचा, म्हणजे प्राध्यापकी-संशोधनाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा रस्ता बंद होत नाही, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनासाठी महिना ३७,००० रुपये सुरू होतात.

मात्र एमएस्सी म्हणजे स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघेपर्यंत टेकायची धर्मशाळा नव्हे. एमपीएससीच करायची असेल तर सरळ तीच करा.

प्राध्यापकीचं खरं सांगतो, कडू लागलं तरी. नेट किंवा राज्याची सेट ही पात्रता परीक्षा पास झालेली माझी कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही. शिकवण्याची हौस असेल तर या, पण घरचं गणित मांडून या.

एक वाट फारशी कुणी विचारत नाही. कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिएशनचं मशीन असतं. गाठीवर किती डोस पडावा आणि शेजारच्या चांगल्या भागाला कसा वाचवावा, हा हिशेब मेडिकल फिजिसिस्ट करतो. तो डॉक्टर नसतो, फिजिक्सवाला असतो. एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असतो. संभाजीनगरच्या सरकारी कर्करोग रुग्णालयात आपल्याच भागातले पेशंट रांगेत बसलेले असतात. मला तरी हे काम मोठं वाटतं.

आणि औंढ्याचा लायगो, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायची होऊ घातलेली वेधशाळा? तो प्रश्न हमखास येतो. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, लेसर. आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे म्हणून आपल्याला नोकरी मिळेल, असं धरून बसू नका. तिथं लेसर, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग येणारी माणसं लागतात. पायथॉन शिकायला मात्र औंढ्याची वाट बघावी लागत नाही.

मामांच्या पोराला मी म्हटलं, नांदेडला प्रवेश घे, आणि फेब्रुवारीत जॅमही देऊन बघ. त्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं.

मामा उठता उठता थांबले. "सर, त्या दोन रेघा मला बी दिसतील का?"

म्हटलं, प्रॅक्टिकल सुरू झाली की या. चष्मा तेवढा आणा.