नाइट सफारीला निघण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्याच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की नागपुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सिंगापूरला चाललोय. ती नाइट सफारी करायची का हो? की आपलं पेंचचं जंगल आहेच?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी ऐटही असते. साहजिक आहे. तासा-दीड तासात वाघाच्या दारात पोचणारी माणसं आपण. आपल्याला कोण काय दाखवणार?

म्हणून आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. सिंगापूरची नाइट सफारी म्हणजे जंगल नाही. मंडाई भागात ३५ हेक्टरांवर पसरलेलं ते प्राणिसंग्रहालय आहे, फक्त ते दिवेलागणीनंतर उघडतं. १९९४ साली सुरू झालेलं, खास रात्रीसाठी बांधलेलं जगातलं पहिलं. तिथे "वाघ दिसला का?" हा आपला लाडका प्रश्न फारसा उरतच नाही. मग जायचं कशाला? तर आपल्या पेंचचं गेट दिवस मावळताना बंद होतं, आणि अस्वल, तरस, सांबर, उदमांजर यांचा दिवस त्यानंतर सुरू होतो. जन्मभर जंगलात जाऊनही या मंडळींना आपण बहुतेक त्यांच्या झोपेच्या वेळीच भेटत आलोय.

आता माझी फजिती ऐका. पहिल्यांदा गेलो तेव्हा टूरवाल्यांनी मोजून दोन तास दिले होते. पाऊण तास पार्कात फिरवून आणणाऱ्या ट्रॅमच्या रांगेत गेला. चाळीस मिनिटं ट्रॅममध्ये. उरलेल्या वेळात बाथरूम आणि फ्रिजवर चिकटवायचे वाघ. बसमध्ये बसल्यावर मागून एक काका म्हणाले, "काही दिसलंच नाही ना बाप्पा." खरं होतं त्यांचं. आम्ही सगळे ट्रॅमभर मोबाईल उंच धरून बसलो होतो, आणि मोबाईलमध्ये आलं होतं काळं.

दुसऱ्या खेपेला आम्ही आपले आपण गेलो आणि ट्रॅमनंतर थांबलो. खरी मजा पायवाटांवर आहे. अशा चार वाटा आहेत, आणि टूरवाले त्या सहसा वगळतात. एका वाटेवर मासेमार मांजर आहे. आपल्या घरच्या मांजरीपेक्षा दुपटीहून मोठी, अंगावर ठिपक्यांच्या रांगा. मी कठड्याशी उभा राहिलो तेव्हा ती पाण्याच्या काठावर नुसती बसलेली होती. माझ्याशेजारी सात-आठ माणसं आली, मिनिटभर थांबली, गेली. मग तिने पुढचा पंजा पाण्यावर हलकेच टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. आणि पुढच्या क्षणी मान पाण्यात. वर आली तेव्हा तोंडात मासा तडफडत होता. मांजर पाण्याला भिते असं सांगणाऱ्यांना इथे आणून उभं करावं.

हे दिसायला अर्धा तास लागला, आणि त्यातला बराच वेळ माझ्या डोळ्यांनी खाल्ला. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य हळूहळू भरून येतं. तेवढ्यात कोणी मोबाईलचा स्क्रीन पूर्ण उजेडात तोंडासमोर धरला की केलेली बरीचशी कमाई गेली. म्हणून पार्कातले दिवेही चांदण्यासारखे मंद ठेवलेत. ती प्रकाशयोजना सायमन कॉर्डर या ब्रिटिश कलावंताची, आणि हा माणूस मुळात नाटकाच्या दिव्यांतला! आपल्या हौशी रंगभूमीवरच्या लाइटवाल्यांनी तेवढ्यासाठी तरी जाऊन यावं.

कॅमेऱ्याचा फ्लॅश तिथे चालत नाही, आणि त्यामागे कारण आहे. यातल्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. जिप्सीच्या दिव्यात डोळे चमकतात ते त्यामुळेच. इतक्या हळव्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा म्हणजे काय, विचार करा.

आणखी एक युक्ती. अंधारात एखादी आकृती ओळखू येत नसेल तर तिच्याकडे रोखून पाहू नका, जरा बाजूला पाहा. डोळ्याचा मधोमधचा भाग अंधारात जवळजवळ आंधळा असतो. मला टेपीर असाच सापडला. पुढून काळा, मागून पांढरा असा हा धिप्पाड प्राणी. मी त्याला बराच वेळ धोंडा समजत होतो. नजर बाजूला वळवली तर धोंड्याला पाय फुटले.

आता वेळेचं. पार्क सव्वासातला उघडतो आणि मध्यरात्री बंद होतो. तिकिटावर आत शिरायची वेळ असते. सगळं जग सव्वासातची घेतं, तुम्ही त्यानंतरची घ्या. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे, त्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य सातच्या आसपासच मावळतो. सव्वासातला आकाश अजून निळसर असतं. मुलं रात्री पेंगतील ही काळजी असेल, तर त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे हे ध्यानात घ्या. तिथले रात्रीचे अकरा म्हणजे नागपूरचे साडेआठ, पोट्टे टक्क जागे असतात. पुढे तिथल्या वेळेची सवय होते, म्हणून सफारी शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. पोचल्या दिवशीही नको, कारण मुंबई-चेन्नईहून रात्रीचं विमान धरलेलं असतं आणि आईबाप पार आंबलेले असतात. दुसरी रात्र उत्तम.

जेवण सहालाच उरकून घ्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, पाऊस तिथे कधीही येतो, आणि विजा कडाडू लागल्या की पायवाटा बंद ठेवतात. आपल्या पंचेचाळीस डिग्रीला पुरून उरलेला माणूसही तिथल्या दमटपणात चिपचिप होतो, तेव्हा सुती कपडे. जायला मेट्रोने खातिब स्टेशन आणि तिथून मंडाईची शटल बस. परतीची शेवटची बस किती वाजता, हे आत शिरण्याआधीच विचारून ठेवा.

राहिली तयारी डोळ्यांची. ती मात्र इथेच करून जा. पेंच हा २०२४ च्या जानेवारीत भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, ठरला. जंगलालगतच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलले, उजेड खाली जमिनीवरच पडेल असे. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलेल्यांना मी वेगळं काय सांगणार! पण ज्यांच्या घरातली मुलं धरमपेठेच्या नाहीतर मनीषनगरच्या दिव्यांखाली वाढली, त्यांनी अंधार म्हणजे काय ते पाहिलेलंच नसतं.

यंदा माझ्या भाच्याचं कुटुंब मे महिन्यात सिंगापूरला निघालंय. त्याआधी, एप्रिलच्या अमावास्येला, आम्ही सगळे पेंचमधल्या सिल्लारीला मुक्कामाला जातोय. मोबाईल आईकडे द्यायचे असं ठरलंय. धाकट्याने तोंड वाकडं करून विचारलं, "मग पाहायचं काय आजोबा?"

म्हटलं, अर्धा तास थांब.