वाळणारी बॅग

(साताऱ्यातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादन करून)

मंडळी, नमस्कार. बाहेर झड लागलीय तरी खुर्च्या भरल्यात, दाराशी छत्र्यांचा ढीग पडलाय. आजच्या विषयाला याहून चांगली साथ मिळायची नाही.

कॅमेरा कुठला घ्यावा, लेन्स कुठली, यावर आपण टपरीवर दोन-दोन तास काढतो. बॅगेवर दोन मिनिटं बोलत नाही. मी सव्वीस वर्षं कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करतोय. माझ्या टेबलावर आलेली कितीतरी दुखणी कॅमेऱ्याची नव्हतीच, बॅगेची होती. कासच्या पठारावर फुलांसाठी ऑगस्टअखेरपासून गर्दी होते आणि दिवाळी झाली की त्या गर्दीतल्या काही लेन्स माझ्याकडं येतात. 'फोटो धुरकट येतायत हो, जरा बघा.' मागून टॉर्च मारला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. बुरशी.

विषय लिहिलाय 'लांबच्या प्रवासासाठी लहान आणि पावसापाण्यात टिकणारी बॅग'. ती कशी निवडायची ते सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. महिना-दीड महिना बाहेर राहायचं म्हणजे बॅग कुठंतरी भिजणारच. म्हणून बॅग हातात घेतली की मी पहिल्यांदा विचारतो ते एवढंच: ही संध्याकाळी भिजली तर सकाळपर्यंत वाळेल का?

हे मला कशामुळं कळलं, ते सांगायला एक वस्तू आणलीय. ही लेन्स पुढं फिरवा, प्रत्येकानं खिडकीकडं धरून बघा. ८०-२०० मिलिमीटरची झूम, जुनी, वजनदार. माझ्या गुरूंची. सांगलीत गावभागात त्यांचा स्टुडिओ होता. २००५ साली कृष्णेला पूर आला तेव्हा खालच्या खोलीत पाणी शिरायला लागलं. निगेटिव्हच्या पेट्या, दिवे, पडदे सगळं तिथंच सोडून ही लेन्स तेवढी छातीशी धरून ते माडीवर गेले. पुढं स्टुडिओ बंद करताना त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, 'हिला कोरडी ठेव.' बाकी काही बोलले नाहीत.

कृष्णेच्या पुरातून वाचलेली ही लेन्स माझ्या बॅगेत मेली.

बॅग एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतली होती. नवीकोरी, वर 'वॉटरप्रूफ' असं लेबल. जुलै महिना, पाच दिवसांची भटकंती. महाबळेश्वरहून तापोळा, तिथून शिवसागर जलाशय लाँचनं ओलांडून बामणोली, मग वर कास. रेनकव्हर पहिल्या मिनिटापासून लावलेलं. पाचही दिवस पाऊस. बॅग वरून हात लावला तर कोरडी वाटायची. मी रात्रीसुद्धा तिच्या चेना घट्ट लावून ठेवायचो, बाहेरची दमट हवा आत नको म्हणून. घरी आलो, कामात अडकलो, बॅग तशीच कपाटात. तीन आठवड्यांनी उघडली तर भिजून पडलेल्या गोणपाटासारखा वास आला.

दुकानात गेलो. 'रेनकव्हर लावलं नव्हतं का?' लावलं होतं. 'मग मानेवरून पाणी उतरलं असेल, त्याला आम्ही काय करणार?' याचा राग मला अजून आहे. पैशाचं दुःख नाही. माणूस एका शब्दावर विश्वास टाकतो आणि आपली सगळ्यात जपलेली वस्तू त्या शब्दाच्या हवाली करतो. तो शब्द लेबलावर छापताना विकणाऱ्यानं दहा वेळा विचार करायला हवा.

मग मी ती बॅग ब्लेडनं फाडली. दुरुस्तीवाल्याला दुसरं काही सुचत नाही. तिच्या पोटात जे दिसलं ते आज तुमच्यापुढं ठेवतोय.

कापड चांगलं होतं. नायलॉन, आतून पॉलियुरेथिनचा लेप. पण शिवणींवर आतून टेप नव्हती. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. पट्टा जिथं बॅगेला शिवलाय तिथून पाणी आत ओढलं गेलं होतं, समईची वात तेल ओढते तसं. पाठीला टेकणारी बाजू तर रेनकव्हरनं झाकलीच जात नाही. पाऊस मानेवरून शर्टात, शर्टातून पाठीच्या गादीत, आणि ती गादी भांडी घासायच्या स्पंजसारखी. प्यायली, प्यायली आणि धरून बसली. जे पाणी खाली उतरलं ते रेनकव्हरच्या झोळीत साठलं. पाणी बाहेर जायला झोळीला साधं भोकसुद्धा नव्हतं. माझी बॅग पाच दिवस पाण्यात बसून होती आणि मी वरून हात फिरवून समाधान मानत होतो.

चेना घट्ट लावून तर मी बुरशीची सोयच केली. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडं असतात, लेन्समध्येही असतात. त्यांना साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता, अंधार आणि थांबलेली हवा मिळाली की ते पसरतात. त्यांच्यातून आम्ल पाझरतं, ते काचेवरचा लेप खातं, मग काच. बुरशी मी पुसून काढू शकतो. तिनं खाल्लेला लेप परत आणू शकत नाही. हातात आली असेल त्यांनी बघा, डाव्या कडेला जाळीची नक्षी राहिलीय. ती कायमची.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आम्ही दोघं मेघालय आणि आसामला सहा आठवडे गेलो होतो. आपल्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याचा आपल्याला अभिमान. मॉसिनरामला ११,००० च्या वर पडतो. सोहराजवळ, ज्याला आपण चेरापुंजी म्हणतो, एक बाई शेतात वाकून काम करत होती आणि तिच्या पाठीवर इरलं होतं! जावळी-पाटणकडं भातलावणीला बायका घेतात तेच. बांबूच्या काड्या, मध्ये पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत कासवाच्या पाठीसारखं. खासी लोक त्याला क्नूप म्हणतात. मला खासी येत नाही, तिला मराठी कुठून येणार? हातवारे करून मागितलं, तिनं हसत डोक्यावर ठेवलं. माझी बायको तर तिथंच भातलावणीचं गाणं म्हणायला लागली.

मी पाच मिनिटं त्या पावसात उभा राहिलो आणि मला माझ्या बॅगेचं उत्तर मिळालं. इरलं कुठूनच बंद नसतं. खालून उघडं, बाजूंनी उघडं, आत हवा खेळते. पाण्याला ते अडवत बसत नाही, वाट दाखवतं आणि खाली सोडून देतं. दोन्ही हात मोकळे राहतात. संध्याकाळी भिंतीला टेकवलं की सकाळी कोरडं. आपल्या माणदेशातलं घोंगडंही तसंच. त्याची खोळ करून धनगर दिवसभर पावसात मेंढरांमागं चालतो. लोकरीत मेंढीच्या अंगचं तेलकटपण असतं, पाणी बराच वेळ वरून घरंगळतं. अखेर भिजतं, पण भिजलं तरी ऊब देतं आणि रात्री दांडीवर टाकलं की वाळतं. ही माणसं पावसात आयुष्य काढतात. त्यांनी स्वतःला प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून घेतलं नाही.

हे फक्त आपल्याकडंच कळलंय असं नाही. इंग्लंडमध्ये बिलिंगहॅम नावाची मंडळी १९७३ पासून मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवायची. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर त्याच पिशव्या कॅमेऱ्यासाठी घ्यायला लागले आणि कंपनी पुढं कॅमेऱ्याच्या बॅगांकडं वळली. कॅनव्हासच्या दोन थरांमध्ये रबराचा थर, आणि वरून मोठी झडप. मासे धरणारा दिवसभर पाण्याकाठी बसतो. त्याची पिशवी ओली होणार हे शिवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. त्या बॅगा महाग आहेत, घ्याच असं मी म्हणत नाही. पण ती झडप बघा. कडा ओलांडून खाली आलेली, इरल्यासारखी. याउलट पुष्कळ सॅकना चेन बरोबर माथ्यावर असते, पावसाकडं तोंड करून. पन्हळ आकाशाकडं धरल्यासारखी!

चिठ्ठी आली. दहा मिनिटं, आठ वाजता भजनी मंडळाला हॉल द्यायचाय. इरल्यावर फार रमलो. निवड कशी करायची ते आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी आकार. अठरा ते वीस लिटर, त्याहून मोठी नको. एक कॅमेरा, दोन लेन्स, चार्जर, एक पातळ जर्किन. मोठी बॅग घेतली की ती एसटीत वरच्या रॅकवर जाते, जीपच्या टपावर जाते, आणि तुमच्या हातातून सुटते. लहान बॅग मांडीवर राहते, रेल्वेत उशाशी राहते. विमानात देशांतर्गत हातातलं सामान साधारण ७ किलो, आणि बऱ्याच कंपन्यांचं माप ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटर. बॅगच दोन किलोची असेल तर उरलं काय? रिकामी बॅग सव्वा किलोच्या आत बसवा. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच लागतात, खाली सामानात टाकायला बंदी आहे. टोकांना चिकटपट्टी लावा.

आता पाणी. पाणी किती सोसेल ते सांगणारा आयपीएक्स नावाचा आकडा असतो. बॅगेवर आयपीएक्स ४ लिहिलं असेल तर चारही बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसण्याची चाचणी झालीय. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. तोंड गुंडाळून बंद करायच्या नावेतल्या पिशव्या असतात, पाण्यात पडायची भीती असेल तिथं त्या उत्तम. पण ओला कॅमेरा त्यात कोंडलात की आत वाफाळतं. बहुतेक बॅगांवर आकडा नसतोच, नुसता शब्द असतो. आकडा नसेल तर शब्दाकडं बघू नका, शिवण उलटून बघा. टेप आहे का? चेनवर झाकण आहे का? चेनला रबरी लेप असला तरी तो पाणी हटवतो, थांबवत नाही.

गादी चिमटीत दाबा. स्पंजसारखी असेल तर ठेवून द्या. चपलेच्या तळव्यासारखी घट्ट, बंद पेशींची हवी, ती पाणी पीत नाही. आतला कॅमेऱ्याचा कप्पा अख्खा बाहेर निघायला हवा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रात्री खोलीवर पोचलात की कप्पा बाहेर, बॅग उलटी करून पंख्याखाली, चेना उघड्या. लेन्स कोरड्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल, म्हणजे ओलावा पिणाऱ्या दाण्यांची पुडी. उघड्या बॅगेत टाकलेली पुडी साऱ्या खोलीची हवा सुकवायला बघते आणि तासाभरात दमते. नारिंगी दाणे ओलावा पिऊन हिरवे झाले की १२० अंशांना ओव्हनमध्ये दोन-तीन तास, परत तयार. तांदळात कॅमेरा घालू नका, पिठूळ धूळ आत जाते. ती मीच काढतो नंतर.

धुळीचं राहिलं. महाबळेश्वरपासून दहिवडी सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण तिकडं माण तालुक्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि बाकी वर्षभर फुफाटा. हिमाचलातल्या स्पितीतही तेच. पाण्यापेक्षा चेन धुळीनं लवकर मरते. जुना टूथब्रश बॅगेत ठेवा, रोज चेनेवर फिरवा.

एसी खोलीतून दमट हवेत जाताना बॅग बंदच ठेवा, अर्धा-पाऊण तास. थंड काचेवर दव धरतं. आणि सेलमध्ये जुनी पडून राहिलेली बॅग मिळाली तर आतून अंगठा घासा. चिकट लागली किंवा पापुद्रा सुटला तर लेप गेलाय. पॉलियुरेथिन दमट हवेत नुसतं पडूनही कुजतं.

झालं, उठतोच. तुमच्यापैकी सात-आठ जणांनी बॅगा आणल्यात असं मघाशी दिसलं. कॅमेरे बाहेर काढून ठेवा आणि बॅगा व्हरांड्यात घेऊन या. पाण्यानं भरलेला तांब्या आणि चमचा ठेवलाय. मानेच्या बाजूनं, पट्ट्याच्या शिवणीवर ओतायचं, आतून टिश्यू लावायचा. सगळ्यात आधी माझीच बॅग.