ययातीला चालतं, मग बाकीच्यांना का नाही?

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय ‘फँटसी कशी वाचावी: तीन निकष’, आणि ते तीन निकष मी सांगणार आहे, शब्द दिलाय. पण आधी हे बोलायलाच हवं की निकषांची गरज का पडली. आपल्याकडे फँटसी, म्हणजे जादू, राक्षस, शाप असलेली अद्भुत गोष्ट, न वाचताच नापास होते. वाचून नापास केली तर माझी काही तक्रार नाही, भरपूर वाईट पुस्तकं आहेत त्यात, तशी ती ग्रामीण कादंबरीतही आहेत आणि ऐतिहासिक कादंबरीत तर विचारूच नका.

मी ज्या वाचनालयाची सभासद आहे त्याचं नाव घेत नाही, पेठेतलं आहे, जुनं आहे. तिथे एकदा फँटसीचा एक जाडजूड अनुवाद दिसला, पाचशेच्या वर पानं, त्यात युद्ध, फितुरी, म्हातारा राजा आणि त्याला हळूहळू विष देणारा सख्खा भाऊ. घेऊन काउंटरवर गेले तर तिथल्या बाईंनी पुस्तकाच्या पाठीवरची पिवळी पट्टी दाखवली, म्हणाल्या, हे बालविभागाचं आहे, मोठ्यांच्या कार्डावर नाही देता येणार, मुलांना घेऊन या. मी म्हटलं अहो माझी मुलगी बंगलोरला नोकरी करते. त्यांचा दोष नव्हता, रजिस्टरच तसं होतं. मग मी कार्यकारिणीला रीतसर अर्ज दिला, की हे पुस्तक मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, कृपया हलवावं. उत्तर काय आलं? पुस्तकात राक्षस आणि जादू असल्याने वर्गीकरण योग्य आहे. एवढंच. राजाला विष देतात त्याचं काही नाही, राक्षस आहे ना, मग लहान मुलांना द्या! आणि आता याचा परिणाम बघा, मोठ्यांच्या विभागात फँटसीचं एकही पुस्तक उरत नाही, कुणी विचारलं तर सांगतात आमच्याकडे मागणीच नाही, आणि मागणी कुठून येणार, मागायला गेलं की पिवळी पट्टी.

त्याच काउंटरच्या मागच्या कपाटात, मोठ्यांच्याच विभागात, ‘ययाति’ होती. १९५९ची खांडेकरांची कादंबरी, साहित्य अकादमी मिळाली, १९७४ला ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ. गोष्ट काय आहे? शुक्राचार्य शाप देतात, राजा एका क्षणात म्हातारा होतो, आणि मग तो स्वतःच्या मुलाचं तारुण्य मागून घेतो. मागून घेतो म्हणजे खरोखर, शरीराने. कुणी म्हटलं का हे कसं शक्य आहे? कुणी पिवळी पट्टी लावली? आपण सगळ्यांनी ती वासनेची आणि बापलेकांच्या नात्याची गोष्ट म्हणून वाचली, आणि बरोबरच वाचली. म्हणजे मराठी वाचकाला अशक्य गोष्ट गंभीरपणे वाचता येते, अगदी छान येते. फक्त ती महाभारतातून आलेली असली पाहिजे. लेखकाने स्वतःच्या डोक्यातून शाप काढला की तो पोरखेळ. हा फरक मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

हे आलं कुठून? मराठी कादंबरी सुरू झाली तेव्हा तिच्यात अद्भुत भरपूर होतं. हळबेशास्त्रींची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची, राजपुत्र, राजकन्या, चमत्कार, योगायोग, लोक आवडीने वाचायचे. त्याच काळात इथे पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणत होते, पंडित माणूस, त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. मग हरिभाऊ आपटे आले, ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली, विधवा यमूचं केशवपन वाचून घराघरात बायका रडल्या असतील, आणि त्या वेळी कादंबरीने हेच करायला हवं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. समाजात आग लागलेली असताना विद्याधरांच्या गोष्टी कोण सांगत बसणार. पण ती निकड होती त्या काळाची, आणि आपण तिची कायमची फूटपट्टी करून टाकली, वास्तव असेल तर गंभीर, नसेल तर करमणूक. सव्वाशे वर्षं झाली, फूटपट्टी तीच आहे.

आता मला एक गोष्ट सांगायचीच आहे, वेळ गेला तरी चालेल, कारण ती आपल्या पैठणची आहे आणि पैठणवरून येणाऱ्या माणसांनासुद्धा माहीत नसते. सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित मंत्री होता. राजाला संस्कृत येईना, राणीपुढे फजिती झाली, त्याने अंथरूण धरलं. गुणाढ्य म्हणाला व्याकरण शिकायला लोकांना बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य चिडला, म्हणाला तू शिकवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडल्या. शर्ववर्मा म्हणाला नाही जमलं तर तुझे जोडे बारा वर्षं डोक्यावर वाहीन. आणि शर्ववर्म्याने शिकवलं की हो! झालं, गुणाढ्याची वाचा गेल्यासारखीच, तो विंध्याच्या अरण्यात निघून गेला. तिथे तो पिशाचांची भाषा शिकला, पैशाची, आणि त्या भाषेत सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. मग शिष्यांबरोबर ती राजाकडे पाठवली. राजाने काय म्हणावं? सात लाख, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, धिक्कार असो. एक पान वाचलं नाही त्याने!

गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं, रेडे सगळे भोवती येऊन उभे राहिले, डोळ्यांतून पाणी, चरायचे थांबले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले मांसात कस नाही. स्वयंपाक्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं, शिकारी म्हणाले आम्ही काय करणार, तिकडे एक ब्राह्मण पानं वाचून जाळतोय आणि सगळी जनावरं चरायचं सोडून ऐकत बसलीयत. तेव्हा राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले, नरवाहनदत्ताची कथा तेवढी, तीही शिष्यांना आवडायची म्हणून गुणाढ्याने मागे ठेवलेली. ते मूळ पैशाची पुस्तक आज नाही, पण त्याच परंपरेतून अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, आपला विक्रम-वेताळ त्यातच आहे. मला या गोष्टीत राजाचं बोलणं फार महत्त्वाचं वाटतं. लांबी, भाषा, शाई, सगळ्याला नावं ठेवली, कथेबद्दल एक शब्द नाही. आजची परीक्षणं काढून बघा.

आणि जिथे आदर मिळतो तिथे काय होतं तेही सांगते. जीए, म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णी. ‘रमलखुणा’, १९७५. त्यातली ‘इस्किलार’ घ्या, नकाशात न सापडणारा प्रदेश, त्याचे स्वतःचे विधी, स्वतःची दैवतं. पण फँटसी म्हणायचं नाही, रूपककथा म्हणायचं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर घ्या. १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, नावाचं वजन पडू नये म्हणून, आणि पहिला नंबर आला. नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला, पण साहित्य अकादमी त्यांना २०१४ला मिळाली ती आत्मचरित्रासाठी. आणि विज्ञानकथेला निदान एक ढाल आहे, की मुलं त्यातून विज्ञान शिकतात. फँटसीला तीही नाही. भयकथा लिहिणारे नारायण धारप याच पुण्यात राहून आयुष्यभर लिहीत राहिले, त्यांची पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी झालीयत, कुठल्याही लायब्ररीत जाऊन बघा, पानं सुटलेली, मलपृष्ठाला चिकटपट्टी. २०१८ला ‘तुंबाड’ सिनेमा आला, लोक त्याच्यामागे धारपांची कथा आहे हे एकमेकांना सांगायला लागले, आणि मग इतकी वर्षं नाक मुरडणारेही म्हणाले अरे मोठा लेखक होता. वारल्यावर दहा वर्षांनी! म्हणजे चांगलं निघालं की त्या कपाटातून उचलून दुसऱ्या कपाटात न्यायचं आणि रिकाम्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणायचं, यात काही दम नाही.

तिकडे युरोपातही हेच. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनचं नाव १९६१ला नोबेलसाठी सुचवलं होतं, सी. एस. लुईसने. नोबेल समितीतल्या ऑस्टरलिंगने लिहिलं की हे उच्च दर्जाचं कथाकथन नाही. आपला प्रश्न जगाचा आहे एवढंच त्यातून घ्या.

हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. तर निकष.

पहिला, त्या जगाचा कायदा. लेखकाने जादू आणली तर तिची किंमतही ठरवली पाहिजे आणि ती शेवटपर्यंत वसूल केली पाहिजे. ययातीला तारुण्य मिळतं ते फुकट नाही, त्याच्या मुलाचं, पुरूचं जातं. जिथे नायक अडकला की नवा मंत्र निघतो तिथे पुस्तक खुशाल मिटा. वास्तववादी कादंबरीत ऐनवेळी लॉटरी लागली तर आपण सोडतो का लेखकाला?

दुसरा, माती. हा मला फार जवळचा आहे आणि नेमका यालाच वेळ नाही. नवीन मुलं मराठीत फँटसी लिहितायत, मला हस्तलिखितं पाठवतात, मी वाचते, आणि त्यात बर्फाळ डोंगर, पाइनची झाडं, सराईमध्ये बसून मद्य पिणारे सरदार. अरे आपल्याकडे देवराया आहेत, जिथून पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, नेली तर देव कोपतो, असं आजही गावं पाळतात. पायऱ्या उतरत जाणाऱ्या बारवा आहेत, वेशीवरचा म्हसोबा आहे, अवसेला उंबऱ्यावर ठेवलेलं लिंबू आहे. याच्यातून जग उभं करा ना. लिंबू ओलांडू नकोस असं म्हणणारी आजी जिच्या घरात आहे त्या मुलीला भीती शिकायला स्कॉटलंडला जावं लागू नये.

तिसरा, अद्भुत काढून टाकलं तर गोष्ट उभी राहते का. राहत असेल तर ते नुसतं सजवलंय. नसेल राहत, तर लेखकाला जे म्हणायचंय ते दुसऱ्या कुठल्या रीतीने म्हणता आलं नसतं, आणि तिथे फँटसी म्हणजे वास्तवापासून पळवाट-बिळवाट म्हणणाऱ्यांना उत्तर मिळतं. टॉल्किनने १९३९च्या व्याख्यानात विचारलं होतं, तुरुंगातल्या माणसाने घरी जायचा प्रयत्न केला तर त्यात दोष काय? यावर अजून बोलायचं होतं, राहू दे.

प्रश्न खाली गप्पांत घेऊ, हॉल रिकामा करायचाय. पुस्तकांची यादी छापून आणलीय, दाराजवळच्या टेबलावर आहे, एकेक उचला. आणि पुढच्या महिन्यात येणार असाल तर ‘इस्किलार’ वाचून या, तिला फँटसी म्हणायचं की नाही यावर मला तुमच्याशी भांडायचंय.