दातांना तारा आणि घाटीचा केसपेपर

नमस्कार श्रोतेहो. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींचे वेडेवाकडे दात कमी खर्चात कसे नीट करून घ्यायचे, यावर आज बोलायचं आहे. "आता कसल्या तारा, वय गेलं," असं घरोघरी ऐकू येतं. वय गेलेलं नसतं. हिरड्या आणि हाड धड असेल तर तिशीत-चाळिशीतही दात सरकतात. वेळ थोडा जास्त लागू शकतो, इतकंच.

माझ्या नणंदेची मुलगी गंगापूरची. बी.कॉम. झाली आणि तिथल्याच एका पतसंस्थेत लागली. वरचा डावा सुळा हिरडीत उंच चढलेला, खालचे दात दाटीवाटीने एकमेकांवर आलेले. तिथे ब्रश पोचायचा नाही, हिरडीतून रक्त यायचं. स्थळं बघायला सुरुवात झाली, बायोडेटासाठी फोटो काढायचं ठरलं आणि मग घरात दातांचा विषय निघाला. या बायोडेटाच्या फोटोचं आपल्याकडे फार झालंय. मुलगा दात दाखवून हसतो की नाही हे कोणी बघत नाही, मुलीचे मात्र सगळे मोजतात. मला हे मुळीच पटत नाही. रक्त येतंय ना, मग उपचार हवाच. फोटो काढायचा असो वा नसो.

तर मायलेकी एका खासगी दवाखान्यात गेल्या. तिथे सांगितलं, तारांना दोन वर्षं लागतील, त्यापेक्षा वरचे सहा दात घासून कॅप बसवू, दहा दिवसांत काम होईल, 60 हजार रुपये. नणंदेचा फोन आला, "वहिनी, बचत गटातून उचल काढते." मी म्हटलं, काढू नका, आधी घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात चला. घासलेला दात परत भरून येत नाही. कॅप कधी ना कधी बदलावी लागते, आणि बाविसाव्या वर्षी बसवली तर जन्मात कितीदा बदलणार? पुन्हा सांगते, कारण हे लक्षात राहायला हवं: नुसते वाकडे आहेत म्हणून चांगले दात घासू देऊ नका.

छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी केसपेपर काढला, एक्स-रे झाले, मग दातांचं माप घेतलं. पुढच्या खेपेला तिथल्या डॉक्टर मुलीने प्लॅस्टरमध्ये ओतलेले भाचीचे दात तिच्याच हातावर ठेवले. भाचीने ते उलटसुलट केले, जिभेच्या बाजूने पाहिले. आपले दात मागून कसे दिसतात ते तिने पहिल्यांदाच पाहिलं. डॉक्टरने एक पितळी तार वाकवून त्या साच्याच्या कमानीवरून फिरवली, ती सरळ करून पट्टीवर मोजली. मग डिव्हायडरने एकेका दाताची रुंदी घेतली आणि कागदावर बेरीज मांडली. आठ मिलिमीटर जागा कमी. "दात चांगले आहेत गं तुझे," ती म्हणाली, "त्यांना उभं राहायला जागा नाही." जागा करायची तर सुळ्यांमागच्या चार उपदाढा काढाव्या लागणार होत्या.

नणंद उठूनच उभी राहिली. "चांगले दात काढायचे? मग ते सहा घासलेले काय वाईट होते?" डॉक्टरने तिला खाली बसवलं आणि तीच बेरीज पुन्हा करून दाखवली, या वेळी आईच्या हातात पट्टी देऊन. चार काढले तर उरलेले सगळे आपल्या मुळावर, अख्खे, सरळ उभे राहतील. नणंदेने स्वतः मोजलं आणि मग ती गप्प झाली. भाची म्हणाली, "आई, लग्नाच्या फोटोत तारा दिसल्या तर दिसू दे."

आधी हिरड्या साफ झाल्या, किडलेली एक दाढ भरली, मग तारा लागल्या. महिन्याला एक फेरी. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून पोरीला दर महिन्याला जाणं परवडलं. बायकांच्या हाती रोख रक्कम देण्यापेक्षा ही सवलत मला मोठी वाटते, कारण त्यामुळे बाई घराबाहेर पडते, आपली कामं आपण करून येते. सगळा उपचार त्या 60 हजारांच्या लहानशा भागात झाला.

"शिकाऊ डॉक्टरच्या हाती तोंड कसं द्यायचं?" असं विचारतात. हे शिकाऊ म्हणजे बी.डी.एस. होऊन दातांचे डॉक्टर झालेले असतात, पुढे तीन वर्षं तारांचंच शिक्षण घेतात, आणि वर प्राध्यापकांची नजर असते. त्यांना शिकायला तुमची केस हवी असते, म्हणून ते हातचं राखून काम करत नाहीत. त्रास आहे तो रांगेचा. नंबर लागायला वेळ जातो, आणि मधेच डॉक्टर पास होऊन गेले की केस दुसऱ्याकडे जाते. आपली फाइल आणि तारखा जपून ठेवा.

मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय महाविद्यालय आहे, महापालिकेचं नायर आहे, नागपूरला शासकीय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. खासगी दंत महाविद्यालयांतही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा दर बहुधा कमी असतात. दाताचा कोपरा तुटला असेल तर दाताच्याच रंगाचं सिमेंट भरून तो बहुतेकदा एका बैठकीत नीट होतो, त्यासाठी कॅप लागतेच असं नाही. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला रिटेनर देतात, तो सांगितलेला काळ लावायचाच, नाहीतर दात पुन्हा सरकतात. रिटेनर लावायचाच.

आधार कार्ड आणि जुने एक्स-रे असतील तर ते सोबत घ्या, आणि सकाळी केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी पोचा. नमस्कार.